आत्याचे मास्तर आणि आमचा कंपायलर

आमच्या घरात संगणकाला हात लावायचा अधिकार फक्त मला आहे. तो मला कुणी दिलेला नाही, मीच घेतलेला आहे. बाकी कुठल्याही बाबतीत माझं मत कुणी विचारत नाही. पडद्यांचा रंग, पाहुण्यांची यादी, माझ्या स्वतःच्या शर्टांची खरेदी, सगळं परस्पर ठरतं. तेव्हा निदान एका यंत्रापुढे तरी आपण जाणते आहोत असं वाटावं, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. पुढचं सगळं रामायण त्या अपेक्षेपायी घडलं.

एका रविवारी सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात पाटी आली. ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे. आता बसवायची?’ खाली दोन बटणं होती, ‘हो’ आणि ‘नंतर’. शहाण्या माणसाने अशा वेळी ‘नंतर’ दाबावं आणि गुपचूप चहा प्यावा. मी ‘हो’ दाबलं.

“अहो, काय दाबलंत?” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

“कुठे काय?”

“मग तो पंखा का घरघरतोय त्याचा?”

मी उत्तर दिलं नाही. जाणत्या माणसाने प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. तासाभराने यंत्र बंद होऊन चालू झालं, नवं निळं चित्र आलं, आणि आमच्या आत्याचे मास्तर घरातून नाहीसे झाले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. अख्खी नोकरी तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, कानाला हेडफोन लावून. लग्न केलं नाही, वाचन मात्र भरपूर केलं. मला लहानपणी ताप आला की माझ्या उशाशी बसून पुस्तक वाचणारी तीच. पुढे तिची नजर गेली आणि ती आमच्याकडे राहायला आली. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी सल्ला दिला की अमुक एक संगणक घेऊन त्यात युनिक्सच्या जातकुळीतली फुकटची सिस्टिम घाला, त्यात पुस्तक वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो. हे साहेब एका बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले आहेत. निवृत्त झालेत हे बँकेला कळलंय, त्यांना अजून कळलेलं नाही. ते स्वतः आले, सगळं बसवून दिलं, आणि जाताना “सुरक्षेचंही बघून ठेवलंय” असं म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

त्या प्रोग्रॅमचा आवाज एकसुरी होता. हजेरी घेणाऱ्या शिक्षकासारखा तो खून, प्रेमपत्र आणि प्रस्तावना सगळं एकाच पट्टीत वाचायचा. आत्याने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘मास्तर’ ठेवलं आणि त्याला अहो-जाहो करायला लागली. मास्तर रोज सकाळ-दुपार वाचायचे, आणि आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून ऐकायची. रहस्यकथा तिच्या विशेष आवडीच्या.

तुम्ही म्हणाल, घरात दोन धडधाकट माणसं असताना वाचायला यंत्र कशाला? आम्ही प्रयत्न केला होता. मी मोठ्या उत्साहाने वाचलं. पात्र कुजबुजलं की मी कुजबुजायचो, किंचाळलं की किंचाळायचो. अर्ध्या पानावर आत्याने हात वर केला. “अरे, तू पुस्तक वाचतोयस की त्याला झोडपतोयस?” बायकोची तऱ्हा वेगळी. तिला शेवटचं पान आधी वाचायची खोड. त्यामुळे खुन्याचं नाव आलं की तिचा आवाज किंचित जपून पडतो. जन्मभर आवाज ऐकण्यात गेलेल्या आत्याला दुसऱ्या प्रकरणातच खुनी कोण ते कळलं आणि तिने पुस्तक बंद करायला लावलं. मास्तरांना मात्र पुढचं काही माहीत नसायचं, आणि असलं तरी ते दाखवत नसत.

तर मी ‘हो’ दाबलं त्या दिवशी आत्या एका रहस्यकथेच्या ऐन शेवटाला आली होती. एक श्रीमंत म्हातारा त्याच्या अभ्यासिकेत मरून पडलेला, घरात सगळे संशयित, आणि फक्त शेवटची तीन प्रकरणं उरलेली. चहा झाल्यावर ती खुर्चीत बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “हं, लाव मास्तरांना.”

मी लावलं. आतून एक तरुण बाई खिदळल्यासारखी म्हणाली, “नमस्कार! चला, आज काय बरं वाचूया आपण?”

आत्याची मान ताठ झाली. “ही कोण?”

“नवीन आवाज आहे, आत्या. सुधारलेला. अगदी नैसर्गिक आहे.”

“हिला सांग, आम्हाला काही विकत घ्यायचं नाही.”

मी जुना आवाज शोधायला लागलो. नव्या आवृत्तीतून तो काढून टाकला होता. ‘वापरणारे कमी असल्यामुळे’ असं एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी परत मागे जायचा मार्ग शोधला, तर तोही नव्हता. संध्याकाळी आत्याने शांतपणे जाहीर केलं, “मास्तर येणार नसतील तर मी धाकट्याकडे जाते. त्याच्याकडेही संगणक आहे. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तो नीट चालतो.”

धाकटा म्हणजे माझा चुलतभाऊ. हे मला फार लागलं. आत्या गेली असती तर घर रिकामं झालं असतं, हे तर होतंच. पण धाकट्याकडे? मी तिथल्या तिथे शब्द दिला की मास्तरांना परत आणीन, ह्याच आठवड्यात आणीन.

“डॉक्टरनेच मारलंय त्याला,” आत्या म्हणाली. “विषाची बाटली दुसऱ्या कुणाकडे असणार? पण खात्री केल्याशिवाय मी मरणार नाही.”

शोधाशोध केल्यावर असं कळलं की मास्तर तयार स्वरूपात मिळत नसले तरी त्यांचा मूळ मजकूर अजून मिळतो. म्हणजे कुणीतरी पूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम, जसाच्या तसा. तो उतरवून घ्यायचा आणि आपल्या यंत्रावर घडवायचा. हे घडवण्याचं काम कंपायलर नावाचा प्रोग्रॅम करतो. माणसाने लिहिलेलं घ्यायचं आणि यंत्राला चालवता येईल असं करून द्यायचं, एवढंच त्याचं काम. दुभाषीच म्हणा ना. सूचना तीन ओळींच्या होत्या आणि शेवटी लिहिलं होतं, ‘बस्स, झालं!’ जगात जिथे जिथे ‘बस्स, झालं’ असं लिहिलेलं असतं, तिथून माणसाने उठून जावं.

मी पहिली ओळ टाइप केली. यंत्र तपासणी करायला लागलं आणि एकेक उत्तर खाली येऊ लागलं. ‘कंपायलर आहे का: आहे.’ मला बरं वाटलं. ‘कंपायलर चालतो का: नाही.’ आणि सगळं थांबलं.

नाही म्हणजे काय? का नाही? मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. ‘आपला दावा मान्य करता येत नाही’ असं मी दिवसातून कितीदा तरी लिहितो, पण खाली कारण देतो. ते लोकांना पटत नाही हा भाग वेगळा. इथे कारण म्हणून एवढंच होतं की तपशील नोंदींच्या फाइलमध्ये बघा. ती फाइल उघडली तर त्यात हजारो ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या तोंडावर आपण निर्दोष असल्याचा भाव.

मी वरच्या साहेबांना बोलावलं. ते हातात कप घेऊनच आले, पडद्याकडे लांबून बघितलं आणि म्हणाले, “मेमरी गेली.”

“पण बाकी सगळं चालतंय.”

“तसंच असतं. जाताना कळत नाही.”

मी मेमरीची पट्टी बदलून आणली. ‘कंपायलर चालतो का: नाही.’ साहेब म्हणाले मग पॉवर सप्लाय बघा. बायको म्हणाली, “अहो, एकदा पुसून बघा ना.” मी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसरी कुणी असती तर वरमली असती. तिने माझ्यादेखत ओल्या फडक्याने कळफलक पुसला आणि त्यावर भुरभुरलेला बिस्किटाचा चुरा मला दाखवला.

मग मी जाणकारांच्या एका मंचावर प्रश्न टाकला. तिथे लोक एकमेकांना फुकट मदत करतात आणि त्या बदल्यात अपमान करतात. मी सविस्तर लिहिलं, आत्याबद्दल सांगितलं, मास्तरांबद्दल सांगितलं. काही मिनिटांत एका देखरेख करणाऱ्याने माझा प्रश्न बंद केला. ‘हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे. आधी शोधा, मग विचारा. कौटुंबिक माहिती देऊ नका.’ खाली जुन्या प्रश्नाचा दुवा होता. मी धावत तिथे गेलो. खरोखर, कुण्या भल्या माणसाने हुबेहूब माझाच प्रश्न विचारला होता. त्याच्याखाली त्यानेच लिहिलं होतं, ‘सुटला. धन्यवाद.’ पुढे काही नाही. कसा सुटला, कुणी सोडवला, काही नाही! त्या माणसाचा दावा माझ्या टेबलावर कधी आलाच तर मी तो कसा हाताळीन हे इथे लिहिणं बरं नाही.

ऑफिसात आमचा एक सिस्टिमवाला आहे. मी त्याला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. तो घास गिळून म्हणाला, “तक्रार नोंदवली आहे का?”

“अरे, घरचा संगणक आहे.”

“मग घरी नोंदवा.”

पण जाता जाता तो म्हणाला, “जागा आहे का डिस्कवर? जागा नसली की अर्धवट बसतं सगळं.”

मी घरी येऊन पाहिलं. जागा नव्हती. कंपायलरचे निम्मे भाग बसलेच नव्हते. नुसती नावाची पाटी लागली होती आणि आत दुकान रिकामं. आता ही जागा खाल्ली कुणी? शोधलं तर त्यात माझंच ध्वनिमुद्रण निघालं. आत्याने मला थांबवल्यानंतर मी हार मानली नव्हती. बंद खोलीत बसून त्याच पुस्तकाची कित्येक प्रकरणं मी साभिनय वाचून ठेवली होती, कधीतरी तिला भेट द्यावी म्हणून. प्रत्येक प्रकरणाच्या अनेक आवृत्त्या होत्या, कारण किंचाळ्या मनासारख्या येत नव्हत्या.

“काढून टाकताय का सगळं?” बायको मागे उभी होती.

“नाइलाज आहे.”

“बरं,” ती म्हणाली. तिने सुटकेचा निःश्वास टाकला नाही, पण तो गिळलेला मला दिसला.

मी स्वतःच्या हाताने माझी कला पुसली, कंपायलर पुन्हा नीट बसवला आणि श्वास रोखून पहिली ओळ टाइप केली. ‘कंपायलर आहे का: आहे. कंपायलर चालतो का: चालतो.’ मी टाळी वाजवली. ‘कंपायलरने घडवलेला प्रोग्रॅम चालतो का: नाही.’

मी पुन्हा वर गेलो. साहेब आता मदरबोर्डावर आले होते. मी अगतिक होऊन त्यांना नोंदींच्या फाइलमध्ये सापडलेली ओळ वाचून दाखवली की ह्या जागेतून कुठलाही प्रोग्रॅम चालवायला परवानगी नाही. साहेबांचा चेहरा उजळला.

“अहो, ते मीच केलंय!”

“काय?”

“सुरक्षा! तुमच्या घरच्या फोल्डरमधून कुठलाही नवा प्रोग्रॅम चालूच शकणार नाही. कुणी आत शिरलं, काही आणून ठेवलं, तरी काही करू शकणार नाही. बँकेत आम्ही असंच ठेवायचो. भक्कम आहे ना?”

म्हणजे कंपायलर बिचारा इमानेइतबारे एक चिमुकला प्रोग्रॅम घडवत होता, त्याला ‘चाल’ म्हणत होता, आणि साहेबांचा पहारेकरी त्याला उंबऱ्यातच बसवत होता. मी साहेबांना म्हटलं, हे तुम्ही मेमरी बदलायच्या आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, “तुम्ही विचारलंत कुठे?” त्यांनी खाली येऊन पहारा उठवला, पण जाताना तोंड पाडून म्हणाले की पुढे काही झालं तर जबाबदारी तुमची. ते दोन दिवस मला जिन्यात ओळख देत नव्हते.

ह्या सगळ्या काळात घरात एक बदल झाला होता, तो मला नंतर आठवला. सुरुवातीला आत्या रोज विचारायची, “मास्तरांचं काय झालं? डॉक्टरच आहे ना रे तो?” मग तिने विचारणं बंद केलं. मी ऑफिसातून आलो की ती खुर्चीत शांत बसलेली असायची आणि म्हणायची, “होईल हळूहळू. जीवाला त्रास करून घेऊ नकोस.” मला वाटलं, म्हातारी खचली. आत्याने जीवाला त्रास करून घेऊ नको म्हणणं ही काही साधी गोष्ट नव्हे. तिने आयुष्यभर आम्हाला तो करून घ्यायलाच लावला होता.

आणि घड्याळं. आमच्या घरात घड्याळं पुढे ठेवायची पद्धत आहे. लग्न झाल्यावर बायकोच्या लक्षात आलं की मी कुठेही वेळेवर पोचत नाही. तेव्हापासून भिंतीवरचं घड्याळ पुढे असतं, ते पुढे आहे हे मला माहीत असतं, म्हणून मी मनातल्या मनात वजाबाकी करतो, आणि ती अधूनमधून ते आणखी पुढे सरकवते. घरातलं एकमेव प्रामाणिक घड्याळ म्हणजे संगणकाच्या कोपऱ्यातलं. मी रोज सकाळी यंत्रापुढे बसायचो, त्या कोपऱ्यात बघायचो आणि निघायचो. ह्या दिवसांत सकाळ कशी भुर्रकन संपते याचंच मला आश्चर्य वाटायचं. जेमतेम बसावं तर निघायची वेळ झालेली. ऑफिसात मात्र मी अगदी लवकर पोचत होतो. शिपाई कुलूप काढत असतानाच मी हजर. रस्ते मोकळे असावेत असा मी निष्कर्ष काढला.

पहारा उठला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर घडले! पडद्यावरून ओळींची नुसती रांग गेली आणि शेवटी चूक म्हणून काही आलं नाही. मी ओरडलो, “आत्या! मास्तर आले!” ती चाचपडत येऊन बसली. बायको हात पुसत आली. मी कळ दाबली आणि मास्तरांनी अख्खं पान एका श्वासात वाचून टाकलं. आवाज तोच, पण असा वेग की शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते.

“मास्तरांना कुठे जायचंय का?” आत्याने विचारलं.

“थोडी दुरुस्ती आहे. एका ओळीची,” मी म्हणालो. आणि ते खरंही होतं. मूळ मजकुरात वेगाचा एक आकडा होता, तो नव्या यंत्राच्या मानाने फार मोठा होता. संध्याकाळी मी तो कमी केला आणि कंपायलरला पुन्हा कामाला लावण्याची आज्ञा दिली. उत्तर आलं: ‘सगळं आधीच तयार आहे. करण्यासारखं काही नाही.’

मी आकडा आणखी कमी केला. ‘करण्यासारखं काही नाही.’ मी आकड्याच्या जागी शून्य घातलं. मी ती ओळ खोडली. शेवटी मी तिथे कंपायलरच्या खानदानाविषयी दोन वाक्यं लिहिली, जी कुठल्याही भाषेत बसणारी नव्हती आणि ज्यावर त्याने आकांडतांडव करायला हवं होतं. ‘सगळं आधीच तयार आहे. करण्यासारखं काही नाही.’ आणि मास्तर आपले सुसाट.

माणसाला नकार सहन होतो. पण तुमचं काम आधीच झालेलं आहे असं हसतमुखाने सांगणारा कारकून सहन होत नाही. त्या दोन-तीन दिवसांत मी जेवतानाही तीच ओळ पुटपुटायला लागलो. ऑफिसात एका गृहस्थांच्या दाव्यावर ‘करण्यासारखं काही नाही’ असा शेरा मी लिहिला, आणि आमच्या विभागाच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून हे कुठल्या नियमाखाली लिहिलंत असं विचारलं. घरी मी टाइप करत असलो की आत्या आतून म्हणायची, “अरे, हळू. बटणं तुटतील.” तिला दिसत नव्हतं, पण मी कुठल्या अक्षरावर चिडलोय हेसुद्धा तिला ऐकू येत असावं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी, काहीच सुचेना म्हणून, मी पडद्यावर आलेली प्रत्येक ओळ वाचायला घेतली. चुकांच्या ओळी मी वाचतो, सूचनांच्या वाचत नाही. पत्नीच्या बाबतीतही माझं तसंच आहे. तर वरच्या बाजूला एक साधीशी सूचना रोज येत होती आणि मी ती रोज वर सरकवत होतो. ‘ह्या फाइलची तारीख भविष्यातली आहे.’

मी फाइलींची यादी काढली. त्या दिवशी सकाळी घडलेल्या मास्तरांच्या सगळ्या भागांवर पुढच्या महिन्याची तारीख होती. मी दिनदर्शिका बघितली. पुन्हा यादी बघितली. आता प्रकार लक्षात आला. आधी घडवलेलं मूळ मजकुराहून जुनं असेल तरच यंत्र ते नव्याने घडवतं. माझी दुरुस्ती आजची, आणि मास्तर पुढच्या महिन्यातले. त्यापुढे माझं लिखाण शिळंच ठरणार. पुढचा महिना उजाडेपर्यंत मी काय वाटेल ते लिहिलं असतं तरी कंपायलरला कुणी उठवलं नसतं.

“संगणकाच्या घड्याळाला कुणी हात लावला?” मी गरजलो.

आत्या खोकली. तो खोकला मला उगीचच जास्त लांब वाटला.

“मी,” बायको म्हणाली. “तुम्हाला उशीर होतो ना सकाळी. तुम्ही गेलात की परत मागे करायचे. एक दिवस बोट घसरलं, महिनाच बदलला वाटतं. मग मी ते ‘वेळ आपोआप लावा’ दाबलं.”

“इतके दिवस मी—”

“पण ऑफिसला वेळेवर पोचलात ना?”

मी बोललो. खूप बोललो. वेळ ही यंत्राच्या दृष्टीने किती पवित्र वस्तू आहे, ह्या घरात माझ्या एका तरी वस्तूला हात न लावता राहता येईल का, मेमरीची पट्टी, माझं ध्वनिमुद्रण, वरच्या साहेबांनी टाकलेली ओळख, सगळं काढलं. बायकोने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. खरं तर तिथेच मला संशय यायला हवा होता.

मग मी मास्तरांना पूर्ण पुसून पहिल्यापासून घडवलं. कंपायलरने आधी खानदानाविषयीच्या त्या दोन वाक्यांवर सात्त्विक आक्षेप घेतला. ती काढून वेगाची ओळ परत घातल्यावर तो मुकाट्याने कामाला लागला. कळ दाबली, आणि हजेरी घ्यावी तशा त्या निर्विकार आवाजात मास्तर म्हणाले, “प्रकरण. अठ्ठावीस. वकिलांनी. सर्वांना. बसायला. सांगितले.”

माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आत्या खुर्चीत सावरून बसली. बायको दाराशी उभी राहिली. मी खाली सतरंजीवर बसलो. मास्तरांनी एकामागून एक तिन्ही प्रकरणं वाचली. वकील एकेक संशयित बाजूला काढत गेला, डॉक्टर सुटला, आचारी सुटला, आणि शेवटी वकील खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे वळला.

“अगंबाई! भाचा?” आत्या म्हणाली.

त्यानंतर मास्तर म्हणाले, “भाचा.”

मी आत्याकडे बघितलं. ती एकाग्रतेने ऐकत होती. बायको पडद्याची एक सुटलेली शिवण तपासत होती. एक्स्चेंजमधला अनुभव, कान तीक्ष्ण, आधीच अंदाज आला असेल, असं मी मनाला समजावलं. पुस्तक संपलं. मी विजयी मुद्रेने विचारलं, “मग? कसं वाटलं?”

“छान. पहिल्यापासून मला भाच्याचाच संशय होता,” आत्या म्हणाली. “भाचे मनाने वाईट नसतात रे. पण नको तिथे हात घालतात. बरं, आता ते नवीन पुस्तक लाव. जहाजावरचं.”

“लावतो. पहिल्यापासून ना?”

“पहिल्यापासून कशाला? सातवं प्रकरण लाव.”

बायकोच्या हातातला पडदा सुटला. आत्याने जीभ चावली. मी सतरंजीवरून उठलो नाही, कारण उठून कुठे जायचं ते सुचेना.

“नवीन पुस्तक,” मी म्हणालो, “सातव्या प्रकरणापासून.”

“अरे, तू गेलास की ही अर्धा तास बसायची माझ्याजवळ,” आत्या म्हणाली. “हिलाही शाळेत शिकवायला जायचं असतं, तिच्याकडे वेळ कुठे? म्हणून तुला जरा लवकर काढायचो. अगदी मास्तरांसारखं वाचते ही. शेवटचं पान वाचणार नाही अशी शपथ घेतलीय तिने. तुझ्यादेखत कसं वाचायचं? तू तिथे एवढी खटपट करणार आणि आम्ही इथे पुस्तक संपवून मोकळं व्हायचं? बरं दिसलं नसतं ते.”

“म्हणजे तू धाकट्याकडे जाणार नव्हतीस?”

“धाकटा घोरतो.”

मी बायकोकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, “तुमचा हिरमोड झाला असता. आणि मला वाटलं, दोन दिवसांत होईलच तुमचं.”

दोन दिवसांत झालंच असतं. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी घड्याळ पुढे केलं, आणि घड्याळ पुढे केल्यामुळे माझं काम अडलं, आणि काम अडलं म्हणून त्यांना रोज घड्याळ पुढे करावं लागलं. रागवावं तर कुणावर? मी सातवं प्रकरण लावून दिलं. मास्तर वाचायला लागले. आत्या थोडा वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, “दुपारी मास्तरच वाचतील. फार कष्टाने आणलेस तू त्यांना.” सकाळचं ती काही बोलली नाही, आणि बायकोही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्रापुढे बसलो आणि कोपऱ्यात पाहिलं. निघायची वेळ झाली होती. खिडकीतून येणारा उजेड काही तसं म्हणत नव्हता. महिना मात्र तिने ह्या वेळी नीट जपला होता. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. आत्याच्या खोलीत खुर्ची सरकली. दोघी वाट बघत होत्या.

“अरे बाप रे, उशीर झाला!” मी मोठ्याने म्हणालो, डबा उचलला, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.

आणि जिन्यात दाराला कान लावून उभा राहिलो. आत बायको हजेरी घेतल्यासारखी वाचत होती, “प्रकरण. अकरा. कप्तानाने. दुर्बीण. खाली. ठेवली.” वरून साहेब उतरले, मला तसं बघून थबकले आणि विचारणार तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. तेही शेजारी उभे राहिले. प्रकरण मोठं होतं. त्या दिवशी ऑफिसला मी उशिरा पोचलो.